शांतरसाचं भांडण

माझं लग्न शांतरसामुळे जमलं आणि माझं माहेर तुटलं तेही शांतरसामुळेच.

माझे वडील साताऱ्यात मराठीचे मास्तर होते. सांगलीच्या पाठशाळेत संस्कृत शिकवणारे एक शास्त्रीबुवा आणि ते एका साहित्यसभेच्या मांडवात शेजारी बसले. वक्ता कंटाळवाणा होता, म्हणून दोघांनी हळू आवाजात आपापली मतं सांगायला सुरुवात केली. सभा संपली तरी ते बोलतच होते. मांडववाल्यानं सतरंजी ओढली तेव्हा उठले, आणि उठता उठता शास्त्रीबुवांनी विचारलं, "तुमची एक मुलगी लग्नाची आहे म्हणालात ना?" एवढा विद्वान व्याही मिळतोय म्हटल्यावर वडिलांनी मुलगा पाहिलासुद्धा नाही. मुलगा निघाला चांगला, ते माझं नशीब.

लग्न होऊन मी सांगलीला आले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात साताऱ्याच्या व्याख्यानमालेत सासऱ्यांना बोलावणं आलं. त्यांना मी मामंजी म्हणत असे. विषय होता 'शांतरसाची श्रेष्ठता'. अध्यक्ष माझे वडील. जुन्या जाणत्यांनी रस आठच सांगितले, शांतरस मागाहून कुणीतरी नववा म्हणून बसवला, आणि तो खरोखर रस आहे की नाही यावर पंडित शेकडो वर्षं वाद घालत आले आहेत. मामंजींच्या मते तोच सगळ्या रसांचा राजा होता. ते त्यावर दीड तास बोलले. चांगलं बोलले, असं मी बायकांच्या बाजूला बसून ऐकलेलं मला आठवतं.

मग अध्यक्ष समारोपाला उठले.

"शास्त्रीबुवांच्या व्याख्यानाचा परिणाम आपण पाहतोच आहोत," वडील म्हणाले. "निम्मे श्रोते शांतरसात पूर्ण बुडालेले आहेत. त्यांच्या शेजाऱ्यांनी त्यांना हलवून जागं करावं. बाकी माझं म्हणणं एवढंच, की शांत बसलेला माणूस बघायला नाटकाचं तिकीट कुणी काढत नाही. जो रस रंगभूमीवर दाखवता येत नाही, तो रस नव्हे. ती झोप."

सभा खो खो हसली. मामंजींनी टोपी घातली, उपरणं उचललं आणि ते मांडवाबाहेर पडले. आमच्या घरी श्रीखंड झालेलं होतं, पानं मांडलेली होती, आईनं रांगोळी काढलेली होती. ते जेवायला आले नाहीत. ओळखीच्या एका वैद्यांकडे राहिले आणि सकाळच्या पहिल्या मोटारीनं मला घेऊन सांगलीला परतले. घरात पाऊल टाकल्यावर सासूबाईंना म्हणाले, "हिला आता साताऱ्याला पाठवायचं नाही."

"का बरं? काय झालं?"

"मला शांतता हवी आहे."

सांगली तेव्हा संस्थान होतं आणि सातारा इंग्रजांच्या मुलखात. दोन वेगळी राज्यं होती म्हणायला हरकत नव्हती, आणि आमच्या दोन घरांत त्या उन्हाळ्यापासून दळणवळण बंद पडलं. माझे यजमान गणिताचे शिक्षक. त्यांनी तटस्थ राहायचं ठरवलं. मी रडले की ते म्हणत, "दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे," आणि वह्या तपासायला बसत. जगात तेव्हा लढाई चालली होती आणि पेपरात काही देशांच्या तटस्थतेचं फार कौतुक यायचं. मला त्या देशांतल्या बायकांची कीव यायची.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, त्याच सुमाराला लष्कराच्या रसदखात्यात कारकून म्हणून भरती झाला आणि सिंगापूरला गेला. मला त्याला निरोपसुद्धा देता आला नाही. पुढच्या वर्षी सिंगापूर पडलं. पेपरात नकाशे यायचे, बाण यायचे, आणि त्या बाणांच्या खाली कुठंतरी दादा होता. सासरी कुणी त्याचं नाव माझ्यासमोर काढत नसे. मामंजी संध्याकाळी देवासमोर बसले की नेहमीपेक्षा जास्त वेळ बसत, पण साताऱ्याचा विषय काढायची कुणाची हिंमत नव्हती.

आणि एके दिवशी दुपारी आईच दारात उभी राहिली. एकटी. सातारा सोडून कधी एकटीनं जवळच्या माहुलीपर्यंत न गेलेली माझी आई, केसांवर कोळशाची काजळी घेऊन. पेट्रोल मिळत नसल्यामुळे त्या वेळी मोटारींच्या पाठीमागे कोळशाचा बंब बसवलेला असे आणि त्याच्या गॅसवर ती मोटार धापा टाकत चाले. सांगलीला पोचेपर्यंत सगळे उतारू सारख्याच रंगाचे होत.

सासूबाईंनी तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. मला अजून मूल नव्हतं, त्यामुळे लेकीच्या घरचं अन्न तिला चालत नव्हतं. तिनं आपल्या दशम्या बांधून आणल्या होत्या.

"विहीणबाई, दूध तरी घ्या."

"नको. पाणी चालेल."

"घ्या, पाणी घ्या. ते आमचं असलं तरी चालतं वाटतं," सासूबाई म्हणाल्या, आणि दोघीही जरा हसल्या. मग आईनं पदर डोळ्याला लावला.

"बेपत्ता म्हणून सरकारी तार आली," ती म्हणाली. "त्या दिवसापासून हे बोलत नाहीत. सिंगापूर पडलं तेव्हा रोज पेपरवाल्यावर चिडत होते, सरकारवर चिडत होते, माझ्यावर चिडत होते. तार आली आणि गप्प झाले. परवा माझ्या हातून आमटीत मीठ पडलं नाही. मुकाट्यानं जेवून उठले हो! संसार सुरू झाल्यापासून असं कधी झालं नाही."

"सांत्वनाला कुणी येतं का?"

"गाव येऊन गेलं. सगळे हात जोडून म्हणतात, मास्तर, तुमच्या मनाला शांती लाभो. अहो, लाभलीय की! तीच तर घालवायचीय." आईनं सासूबाईंचा हात धरला. "माझी एक विनंती आहे. आमच्या व्याह्यांना चार दिवस पाठवून द्या. समजूत घालायला नको. भांडायला पाठवा. त्यांच्याइतकं यांना कुणाशी भांडता येत नाही."

मामंजी बाहेर झोपाळ्यावर होते. झोपाळा थांबलेला मला ऐकू आला. ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले, आत न बघता, बाजूच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "सूनबाई, माझी वळकटी बांधा. तुमचीही बांधा."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं निघालो. यजमानांनी मोटारीत पुढची जागा धरून दिली आणि स्वतः तटस्थपणे सांगलीतच राहिले. उंब्रजला मोटार थांबली, क्लीनर खाली उतरून बंबात कोळसे घालू लागला, आणि एक पटकेवाला शेतकरी मामंजींच्या शेजारी येऊन बसला.

"आवं, कुटं निगालाय?"

"साताऱ्याला."

"कोर्टात व्हय?"

"नाही. व्याह्यांशी भांडायला."

त्यानं मामंजींच्या शेंडीपासून पायांपर्यंत एकदा पाहून घेतलं. "मंग एवढ्या लांब कशाला जाताय? हितंच उतरा की. आमच्या गावात भांडणारी लय हायती." मग आपणच हसून तो म्हणाला, "माजं थोरलं पोरगं पलटणीत हाय. तिकडं वाळूच्या मुलखात. धाकटं हितं शेतावर. दोगं घरात हुती तवा बांधावरनं रोज एकमेकाच्या उरावर बसायची. आता धाकटं म्हणतंय, आबा, दादा कवा येतोय? म्हटलं, का रं? तर म्हणतंय, भांडायला कुणी न्हाई."

आई खिडकीतून बाहेर पाहत होती. तिनं वळून विचारलं, "पत्र येतं का हो त्याचं?"

"येतंय की, कवातरी. तुमचं कोन हाय का तिकडं?"

"मुलगा."

"ईल, बाई," तो म्हणाला.

वडील सोप्यावर बसलेले होते. त्यांनी आम्हाला पाहिलं, उठून उभे राहिले, व्याह्यांना वाकून नमस्कार केला आणि "या" म्हणाले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. इतके वाळले होते, की सदऱ्याच्या गळ्यातून त्यांचं गळ्याचं हाड दिसत होतं. मामंजी वाटेत काय काय बोलायचं ते ठरवून आले असावेत, पण ते सगळं तिथंच राहिलं. त्यांनी हातपाय धुतले, चहा घेतला, आणि मग घसा साफ करून एकदम मुद्द्याला हात घातला.

"मास्तर, त्या दिवशी तुम्ही सभेत म्हणालात की शांत हा रस नव्हे. ते चुकीचं होतं."

वडील अंगणाकडे बघत होते. "तुमचं बरोबर असेल," ते म्हणाले.

मामंजी उठून आत आले. चेहरा पांढरा पडला होता. "ऐकलंत?" ते आईला म्हणाले. "'बरोबर असेल' म्हणतात! हे वाक्य ऐकायला मी वर्षभर तडफडत होतो, आणि आता..." त्यांनी चुलीपाशी पाट ओढला आणि बायकांत बसले. असं ते कधीही करत नसत.

पण ते हटले नाहीत. सकाळी स्नान झालं की ते सोप्यावर वडिलांच्या समोर बसत आणि स्वतः रचलेले शांतरसावरचे संस्कृत श्लोक मोठ्यानं म्हणत. श्लोकांना अंत नव्हता. वडील मान हलवत. समोरच्या घरातली मंडळी आधी कौतुकानं, मग काळजीनं, आणि शेवटी वैतागून खिडक्या लावून घेऊ लागली. आई मला हळूच म्हणाली, "अगं, बरं करायला आणले आणि हे तर याहून शांत करायला निघाले."

मी ताक घुसळत होते, म्हणजे दहाच्या सुमाराची गोष्ट. सोप्यावर मामंजींचा श्लोक चालला होता. तिसऱ्या चरणात आवाज जरा अडखळल्यासारखा वाटला, पुढे गेला. श्लोक संपला. मग पुन्हा तोच श्लोक त्यांनी पहिल्यापासून म्हटला. आणि तिसऱ्यांदा म्हणायला घेतला तेव्हा घर हादरेल असा आवाज आला.

"लघु आहे तो! लघु! गुरू पाहिजे तिथं!"

माझ्या हातातली रवी थांबली. आई देवघरातून धावत आली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"कुठं लघु आहे?" मामंजींचा आवाज.

"तिसऱ्या चरणात! वृत्त मोडलंय तुमचं! तीन वेळा मोडलंत! पाठशाळेत हेच शिकवता काय?"

"तुम्ही मराठीचे मास्तर. तुम्हाला संस्कृत वृत्तातलं काय कळतं?"

"मोडलेलं हाड कळायला वैद्य लागत नाही!"

आई तिथंच उंबऱ्याजवळ बसली आणि तोंडावर पदर धरून रडायला लागली. बाहेर तासभर तुंबळ चाललं होतं. वृत्तावरून दोघे शांतरसावर आले, शांतरसावरून अध्यक्षानं समारोपात थट्टा करावी की नाही यावर आले, तिथून श्रीखंड वाया गेलं त्यावर आले. समोरच्या खिडक्या पुन्हा उघडल्या. आणि मग बोलता बोलता वडिलांचा आवाज फाटला.

"तुम्हाला शांती हवी. मलाही हवी होती. तो घरात शीळ घालत हिंडायचा. मी वाचत असायचो. एक दिवस म्हटलं, जा बाबा कुठंतरी, मला शांतपणे वाचू दे. गेला. मी म्हटलं म्हणून गेला."

मग त्यांच्या रडण्याचा आवाज आला. आम्ही दोघी आतच थांबलो. मामंजी काहीही बोलले नाहीत. रसशास्त्रावर दीड तास बोलणारा माणूस, पण तिथं त्यांना गप्प राहणं सुचलं हे मी त्यांचं मोठेपण समजते.

त्या दिवशी दुपारी वडील आईला म्हणाले, "आमटी अळणी आहे." आईनं मिठाचा सट त्यांच्या पानाजवळ नेऊन ठेवला आणि मला म्हणाली, "साखर वाटावी असं वाटतंय, पण रेशनची आहे."

तो गुरू मुद्दाम लघु केला होता, असं मामंजी पुढे जन्मभर सांगत राहिले. स्वतःच्या श्लोकाचं हाड मोडलं, व्याह्यांसाठी. वडील जन्मभर म्हणत राहिले, मुद्दाम कसलं, अज्ञान ते. खरं काय ते मला ठाऊक नाही. मामंजींना मी एकदा एकांतात विचारलं, तर ते म्हणाले, "सूनबाई, तुम्हीसुद्धा?" आणि इतके दुखावले की मी पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर माझं माहेर मोकळं झालं, फक्त त्याचा मला उपयोग होईना. मी साताऱ्याला निघाले की मामंजीही वळकटी बांधत. माहेरी चार दिवस निवांत पडावं म्हणून जाणाऱ्या मला दोन म्हाताऱ्यांना दिवसातून पाच वेळा चहा करून द्यावा लागे. जिल्ह्यात तर त्या काळात दिवसा एक सरकार होतं आणि अंधार पडल्यावर दुसरं. पोलिसांच्या गाड्या फिरत, गावोगाव धरपकड चाले, आणि आमच्या सोप्यावर शांतरसाचा स्थायीभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी टिकून राहणारा भाव, शम की निर्वेद, यावर आवाज चढत.

लढाई संपली तेव्हा साताऱ्यातल्या काही प्रतिष्ठित मंडळींनी जागतिक शांतीवर जाहीर सभा घ्यायचं ठरवलं. दोन्ही व्याह्यांना बोलवायला आले. जिल्ह्यात जमावबंदी होती, म्हणून सभेला परवानगी काढावी लागली होती. ती मिळाली, पण एका अटीवर: वक्त्यांनी शांततेचा भंग होईल असं शांततेबद्दल काही बोलू नये. पहिल्या रांगेत फौजदार बसणार होते.

वडील म्हणाले, "माझा मुलगा घरी आला, की मी म्हणेन शांतता झाली. तोवर तुमचं चालू द्या."

मामंजी म्हणाले, "मीही येत नाही." दोघांचं एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं. सभा झाली. अध्यक्षाच्या खुर्चीवर कुणी बसायचं यावरून आयोजकांत बाचाबाची झाली आणि ती फौजदारांनी मिटवली, असं नंतर ऐकलं.

दादा जिवंत असल्याचं आम्हाला दिवाळीनंतर कळलं आणि थंडी संपता संपता तो घरी आला. कैद्यांच्या छावणीत गेला तेव्हाचे कपडे त्याच्या अंगावर दोनदा गुंडाळता आले असते. तिथलं तो फारसं सांगत नसे. त्याच्या बरोबरचे बरेच जण जपान्यांच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या सेनेत गेले. हा गेला नाही, की गेला आणि परत आला, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

साताऱ्यात त्याला सगळे जपू लागले. वडील चोरपावलांनी चालत. आई भांडी कापडावर ठेवून घासत असे. शेजारची मंडळी त्याच्यासमोर आवाज खाली आणत. असे काही आठवडे काढून तो उठला आणि माझ्याकडे सांगलीला आला. "तिथं माझी पूजा चाललीय," म्हणाला. "फक्त नारळ फोडायचा राहिलाय."

आमच्याकडे तेव्हा मोठमोठ्या देशांच्या शांतता परिषदांच्या बातम्या मामंजी पेपरातून मोठ्यानं वाचून दाखवत. कुणी कुठं बसायचं, आधी कुणी बोलायचं, कुणाचा कुणावर विश्वास नाही. पेपर खाली ठेवून ते म्हणत, "यांचा स्थायीभाव तरी काय?" एका दुपारी त्यांनी पेपर खाली ठेवला आणि दादाकडे वळून सरळ विचारलं, "तुम्हाला तिथं शांतरसाचा अनुभव आला का हो?"

माझे यजमान दचकले. एरवी तटस्थ असणारा माणूस, पण ते चक्क म्हणाले, "बाबा, हे काय विचारणं झालं?"

दादा मात्र हसला. परत आल्यापासून मी त्याला पहिल्यांदा तसा हसताना पाहत होते. त्यानं खरंच विचार केला.

"आला," तो म्हणाला. "आमच्यात एक आचारी होता, त्रावणकोरकडचा. करपलेला तांदूळ पाण्यात उकळून तो चहा करायचा. चहा म्हणायचं आपलं. संध्याकाळचं काम संपलं की आम्ही तो घेऊन भिंतीला टेकून बसायचो. कुणी कुणाशी बोलत नसे. घरची आठवण नाही, उद्याची भीती नाही, काहीच नाही. तेवढा वेळ अगदी ठीक वाटायचं."

"बघा!" मामंजी मांडीवर थाप मारून म्हणाले. "बघा! आणि मास्तर म्हणतात हा रसच नव्हे. किती वेळ टिकायचा?"

"चहा संपेपर्यंत."

मामंजींचा हात मांडीवरच राहिला. चहा संपला की संपणारा भाव म्हणजे स्थायी नव्हे, आणि स्थायी नसेल तर रस कसला? सोप्यावरच्या वादांत वडील अगदी हेच म्हणत. मामंजी झोपाळ्यावरून पुढे वाकून म्हणाले, "हे साताऱ्याला सांगायची गरज नाही."

दादा पुन्हा हसला आणि तो सांगलीतच राहिला. इथं कुणी जपत नाही, म्हणाला. हळदीच्या पेठेत एका अडत्याकडे त्याला कारकुनी मिळाली. सौदे निघायचे, हमाल ओरडायचे, गाड्यांची रांग लागायची. डॉक्टरांनी शांत जागी राहायला सांगितलेला माणूस दिवसभर त्या गोंगाटात उभा राही आणि संध्याकाळी पिवळाजर्द होऊन घरी येई. केस पिवळे, भुवया पिवळ्या, धोतर पिवळं. सासूबाई त्याला विहिरीपाशीच थांबवून घागरभर पाणी देत.

"रोज हळद लागते तुम्हाला," त्या एकदा म्हणाल्या. "आता नवरी तेवढी बघायची राहिली."

तो तोंड धूत होता. ओल्या तोंडानं शीळ घालत होता. ती थांबवून म्हणाला, "आत्ता कुठं लढाई संपलीय, मावशी. थोडं थांबू या."

सासूबाईंनी ते मनावर घेतलं नाही. त्यांनी दुसऱ्याच दिवशी तासगावच्या एका मुलीची पत्रिका मागवली.